काकांचा अँप आणि नऊ व्होल्ट

२०२३ च्या दिवाळीत मी काकांचा अँप जाळला. जळाला नाही, मी जाळला. त्यानंतरचे माझे बरेचसे वीकेंड त्याची भरपाई करण्यात गेले. ती कितपत झाली ते शेवटी सांगतो. आधी थोडी पार्श्वभूमी. (इलेक्ट्रॉनिक्स म्हटलं की ज्यांना सेकंड इयरचा बॅक राहिलेला विषय आठवतो त्यांनी घाबरू नये. माझाही राहिला होता. :) )

तर आमचं मूळ गाव वाशीम. काकांचं तिथे पाटणी चौकाच्या अलीकडे रेडिओ दुरुस्तीचं छोटंसं दुकान. मी लहान असताना तिथे टीव्ही यायचे, मग डीव्हीडी प्लेअर, मग मोबाईलचे चार्जर, आणि आता फारसं काहीच येत नाही. पण काकांची खरी कमाई आणि खरा शौक होता ऑर्केस्ट्रा. ते स्वतः काही वाजवत नसत. "वाजवनारे ढीग होते, वाजवून घेनारा मी," असं म्हणायचे. म्हणजे साऊंड त्यांचा. लग्नं, गणपती, गॅदरिंग. हिंगोली, पूर्णा, अकोला असं मीटरगेजच्या गाडीने सामान जायचं.

त्या सामानातला राजा म्हणजे गिटारचा अँप. १९७९ साली काकांनी स्वतः बनवला. चेसिस पत्र्याची, हाताने ठोकलेली. आत दोन ईसीसी८३ (अमेरिकन पुस्तकात ज्याला १२एएक्स७ म्हणतात तोच) आणि आउटपुटला दोन ईएल८४. ईएल८४ मिळणं तेव्हा अवघड नव्हतं, घरोघरच्या मोठ्या रेडिओत तोच असायचा. ईसीसी८३ बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. पॉवर जेमतेम पंधरा वॉट, पण व्हॉल्व्हचे पंधरा वॉट. ज्यांनी ऐकलेत त्यांना सांगायला नको.

मी पाचवी-सहावीत असेन. हिवाळ्यातली रात्र, दुकानाचं अर्धं शटर खाली, काकांचा एक मित्र गिटार लावून जुनी गाणी वाजवतोय. हळू छेडलं तर स्वच्छ आवाज. जोरात छेडलं की आवाज जरासा दबायचा, जाड व्हायचा आणि मग फुगून वर यायचा. माणूस जोर लावताना आधी श्वास घेतो ना, अगदी तसं. इंजिनिअरिंगला असताना मी गिटार शिकलो ती त्या आवाजापायी. ती ब्रँच ईअँडटीसी घेतली तीही बहुधा त्यामुळेच. नोकरी मात्र सगळ्यांसारखी आयटीत. मी दिवसभर जावा लिहितो. असो.

आता जळिताची गोष्ट. दिवाळीत दुकान आवरायला काढलं होतं, कारण मालकाला जागा रिकामी हवी होती. अँप कपाटावर होता. मी उत्साहाने खाली घेतला, धूळ पुसली, पिन लावली, गिटार लावली. व्हॉल्व्ह तांबूस उजळले. आवाज काही येईना. मी व्हॉल्यूम वाढवला. तरी नाही. पूर्ण वाढवून दोन-चार कॉर्ड जोरात मारले. आतून 'टक्' असा आवाज, मग तो वास. वार्निश जळल्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. स्पीकरची वायर मागे लोंबत होती. मी ती लावलीच नव्हती.

ज्यांनी फक्त ट्रान्झिस्टरचे अँप पाहिलेत त्यांना यात काय मोठं असं वाटेल. ट्रान्झिस्टर अँप स्पीकरशिवाय चालू ठेवला तर सहसा काही होत नाही. व्हॉल्व्हचं उलटं असतं. दोन ईएल८४ ना समोर साधारण आठ हजार ओहमचा लोड हवा असतो आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसून ही सोयरीक जमवतो. स्पीकर काढला की ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलमधल्या ऊर्जेला जायला जागा राहत नाही. प्रायमरीवर हजाराच्या वर व्होल्टेज उसळू शकतं आणि चव्वेचाळीस वर्षांचा इन्शुलेशन कागद फाटतो. हे मी परीक्षेत लिहिलंय हो. मार्कही मिळालेत.

काका आतून आले. वासावरूनच त्यांना कळलं.

"स्पीकर लावला होता का रे?"

मी गप्प.

"जाऊ दे. वस्तूच होती." आणि ते परत आत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

नंतर मी म्हटलं, काका, ट्रान्सफॉर्मर परत भरून घेऊ या, वायंडिंगवाले आहेत ना अजून. तर म्हणाले, "आता कोन उचलते ते लोखंड? आन् वाजवनारा कोन हाये?" शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं, पण मला लागलं. कारण वाजवणारा समोरच बसला होता.

ईएल८४ काढून मी अँप परत चालू केला (काकांचा नियम: आत हात घालताना दुसरा हात खिशात. तीनशे व्होल्ट दोन हातांमधून छातीतून जातात). पुढचा भाग, म्हणजे प्रीअँप, जिवंत होता. ईसीसी८३ छान उजळत होता, मीटरवर सगळी व्होल्टेजेस येत होती. मग डोक्यात आलं की आवाज तर प्रीअँपमध्येच घडतो! पुण्याच्या फ्लॅटमध्ये पंधरा वॉटचा व्हॉल्व्ह अँप मी वाजवणार तरी कुठे? सोसायटीची मीटिंग बोलावतील. हाच प्रीअँप ट्रान्झिस्टरवर उतरवून एका डबीत बसवू. नऊ व्होल्टची बॅटरी, पायाने दाबायचं बटण, झालं पेडल. काकांचा आवाज डबीत!

आणि याला इतिहासही आहे. नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' रेकॉर्ड होत असताना मिक्सिंग कन्सोलमधला एक ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचं बास गिटार घरघरत रेकॉर्ड झालं. ते लोकांना इतकं आवडलं की तिथला इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने तोच बिघाड ट्रान्झिस्टरने करणारं सर्किट बनवलं. गिब्सनने ते १९६२ मध्ये माएस्ट्रो फझ-टोन या नावाने विकायला आणलं, आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मुळे ते जगभर गेलं. म्हणजे बिघडलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून पेडल जन्माला येणं ही जुनी परंपरा आहे. मी स्वतःचं सांत्वन करत होतो हे तुम्हाला कळलंच असेल.

सर्किट कागदावर उतरवलं, फोटो काढले, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला आलो.

कागदावर काम फार सोपं दिसत होतं. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघून प्लेटकडे जातात, मध्ये ग्रिड नावाची जाळी असते. जाळीवर छोटासा सिग्नल दिला की मोठा प्रवाह कमीजास्त होतो. ट्रान्झिस्टरांमध्ये याच्या सर्वांत जवळचा भाऊ म्हणजे जेफेट. ग्रिडच्या जागी गेट, कॅथोडच्या जागी सोर्स, प्लेटच्या जागी ड्रेन. हीटर नाही, तीनशे व्होल्ट नाहीत. नावं बदला, सर्किट तेच ठेवा. सॉफ्टवेअरवाल्याच्या भाषेत फाइंड अँड रिप्लेस.

जेफेट कुठला? कॉलेजच्या लॅबमध्ये आपण सगळ्यांनी बीएफडब्ल्यू१० वापरलाय. ती चार पायांची धातूची टोपी, जिचे ग्राफ आपण मित्राच्या जर्नलमधून उतरवले. काकांच्या ड्रॉवरमध्ये सात-आठ निघाले होते, ते आणले होते. लावले. आवाज आला तो शेजारच्या खोलीतून घोंगडीखालून आल्यासारखा. दोन दिवसांनी डेटाशीट उघडलं (हो, दोन दिवसांनी). बीएफडब्ल्यू१० पूर्ण बंद करायला गेटवर उणे आठ व्होल्टपर्यंत द्यावे लागू शकतात, आणि माझ्याकडे एकूण व्होल्ट नऊ! तो प्रवाहही मागतो ८ ते २० मिलिअँपिअर, आणि मी ड्रेनला लावला होता व्हॉल्व्हसारखा १०० किलोओहम. बिचाऱ्याला उभं राहायलाच जागा नव्हती, तो नाचणार कुठून?

पेडलवाले लोक वापरतात तो जे२०१. त्याचं सगळं एका व्होल्टच्या आसपास भागतं. पण तीन पायांचा जुना जे२०१ आता सहज मिळत नाही. मी एका ऑनलाइन दुकानातून दहा मागवले. छाप जे२०१चा, आत भलताच कोणीतरी. कळलं कसं? मोजून. गेट ग्राउंडला, ड्रेनला नऊ व्होल्ट, आणि सोर्सखाली दहा ओहमचा रेझिस्टर. त्यावरचं व्होल्टेज भागिले दहा म्हणजे जास्तीत जास्त प्रवाह. मग दहा ओहमच्या जागी दहा लाख ओहम लावायचा, की सोर्सवर दिसतं ते जवळपास त्याचं बंद होण्याचं व्होल्टेज. खऱ्या जे२०१चा प्रवाह ०.२ ते १ मिलिअँपिअरमध्ये असायला हवा. माझ्या दहांपैकी सगळे त्याच्या कित्येक पट वर होते. शेवटी सरफेस माउंटवाले घेतले, तांदळाच्या दाण्याहून लहान. छोट्या अडॅप्टर बोर्डवर भिंग लावून चिकटवले. एक शिंकेबरोबर गेला. अजून सापडलेला नाही.

मग खरं गणित सुरू झालं. जेफेट आणि ट्रायोड भाऊ असले तरी सख्खे नाहीत. जेफेटचा प्रवाह गेट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, ट्रायोडचा दीड घाताच्या. यावर दिमित्री डॅन्यूक नावाच्या इंजिनिअरने २००४ मध्ये सुंदर काम केलंय. सोर्सखालचा रेझिस्टर नेमका निवडला तर वर्गाचा वक्र वाकून दीड घाताच्या जवळ येतो. नेमका म्हणजे, बंद होण्याचं व्होल्टेज भागिले कमाल प्रवाह, गुणिले ०.८३. माझा एक नग ०.८ व्होल्ट आणि ०.६ मिलिअँपिअरचा होता, म्हणजे साधारण १.१ किलोओहम. प्रत्येक नगाचं उत्तर वेगळं. व्हॉल्व्हच्या काळात कोणताही ईसीसी८३ काढून दुसरा लावला तरी चालायचं. इथे प्रत्येकाची पत्रिका मांडावी लागते.

गेनचाही प्रश्न होताच. ईसीसी८३ची एक स्टेज सिग्नल पन्नास-साठ पट करते, माझा जेफेट असा लावला की जेमतेम आठ पट. म्हणून दोन स्टेजच्या जागी तीन केल्या. व्हॉल्व्हमध्ये आपोआप होणाऱ्या काही गोष्टी मुद्दाम घालाव्या लागल्या. उदाहरणार्थ, ईसीसी८३ स्वतःच्याच आतल्या कपॅसिटन्समुळे वरच्या पट्टीचा टोचरेपणा थोडा खातो, जेफेट खात नाही. तिथे १०० पिकोफॅरडचा एक छोटा कंडेन्सर घातला. मार्चपर्यंत डबी तयार झाली. निळा रंगही दिला. पुण्यातल्या मित्रांना ऐकवली, सगळे म्हणाले भारी. मीही खूश.

मे महिन्यात ती घेऊन वाशीमला गेलो. दुकान अजून रिकामं व्हायचं होतं. काकांचा जुना स्पीकर एका ट्रान्झिस्टर अँपला जोडला (या वेळी स्पीकर आधी. दोनदा तपासलं). पेडल लावलं आणि तेच गाणं वाजवलं जे तो मित्र वाजवायचा.

काका डोळे मिटून ऐकत होते. मी थांबलो.

"चांगलं हाये."

"पण?"

"पन काय... वरडते नुसतं. दबत नाई."

दबत नाही! दोनच शब्द, आणि ते बरोबर होते. माझ्या डबीत जोरात छेडलं की आवाज फक्त जास्त फाटायचा. तो श्वास घेण्याचा क्षण नव्हताच. पुण्यातल्या कोणाला ते कळलं नाही, कारण त्यांनी मूळ आवाज ऐकलाच नव्हता. आणि मी? मी ऐकला होता, पण तीन महिने डबी ऐकून ऐकून मला डबीच खरी वाटायला लागली होती.

त्या दुपारी आम्ही दुकानातला भंगार वेगळा करत होतो. अँपचा तळाचा पत्रा दिवाळीत मी काढून ठेवला होता, तो खोक्यांच्या मागे सापडला. आतल्या बाजूला पेन्सिलने, काकांच्या अक्षरात:

लाईन १८५
एचटी २१०
प्लेट १४०
कॅथोड १

मी विचारलं, काका, लाईन १८५ म्हणजे?

"रातची लाईन ना. हिवाळ्यात पंप चालू झाले की एवढीच राह्याची. कार्यक्रम रातीच राहे, मंग दिवसाची लाईन मोजून काय फायदा?"

मी मीटर काढून भिंतीच्या प्लगमध्ये घातला. २३८.

म्हणजे असं होतं तर. हरभऱ्याला-गव्हाला पाणी द्यायला आजूबाजूच्या गावांतले पंप चालू व्हायचे, लाईन खाली बसायची, आणि काकांनी आपला अँप त्या खाली बसलेल्या लाईनवर जुळवला होता. मी लहानपणी ऐकलेला आवाज २३० व्होल्टचा नव्हताच. एडी व्हॅन हॅलेनबद्दल गिटारवाल्यांना ठाऊक असेल. तो आपल्या मार्शलला व्हेरिअॅक लावून अमेरिकेतली लाईन नव्वद व्होल्टच्या आसपास उतरवायचा, त्या आवाजासाठी. वाशीमला व्हेरिअॅक लागत नव्हता. तो शेतांमध्ये बसवलेला होता. :)

पण गणित करायला बसलो तेव्हा दुसरीच गोष्ट लक्षात आली, आणि ती तितकी मजेची नव्हती. लाईन उतरल्यावर प्रीअँपमध्ये सगळंच त्याच प्रमाणात उतरतं. २१० ला प्लेट १४० म्हणजे दोन तृतीयांश. मी दिवाळीत मोजलं होतं तेव्हा एचटी २७० आणि प्लेट १८०. तेही दोन तृतीयांश. म्हणजे प्रीअँपचा स्वभाव फारसा बदलत नव्हता. बदलत होती पुढची पॉवर स्टेज. भुकेल्या ईएल८४ ना जोरात सिग्नल आला की ते जास्त प्रवाह ओढायचे, सप्लाय आणखी बसायचा, आवाज दबायचा, मग सप्लाय सावरला की फुगून वर यायचा. तो श्वास ईएल८४, पॉवर सप्लाय आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा होता.

म्हणजे अँपचा जो भाग वाचला होता त्याची मी सहा महिने नक्कल करत होतो, आणि तो आवाज राहत होता मी जाळलेल्या भागात. हे काकांना मी सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं असं मला आता वाटतं.

पुण्याला परत येऊन डबी उघडली. चौथा जेफेट वाढवला, पॉवर स्टेजच्या नावाने. आणि बॅटरीच्या वाटेत एक ५ किलोओहमचा पॉट आणि त्यापुढे १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. चार जेफेट मिळून साधारण एक मिलिअँपिअर ओढतात, त्यामुळे पॉट तीन किलोओहमवर आणला की तीन व्होल्ट तिथेच जातात आणि सर्किटला मिळतात सहा. जुनी, उतरलेली बॅटरी घातल्यासारखं. आवाज लवकर गोलसर फाटायला लागतो, जोर लावला की थोडा दबतो. ईएल८४ दबायचे तसा नाही, कारण जेफेट जोर आला म्हणून कितीतरी पट प्रवाह ओढत नाही. पण दबतो. त्या बटणाला 'लाईन' असं नाव दिलं. एका टोकाला २३०, दुसऱ्याला १८५. तांत्रिकदृष्ट्या चूक आहे, पण डबी माझी आहे.

गणपतीला काकांना परत ऐकवली. मी बटण हळूहळू १८५ कडे फिरवत गेलो. ते काही बोलले नाहीत. एका जागी त्यांनी हात वर केला, म्हणजे थांब. बटण दोनशेच्या जरा खाली होतं. मग म्हणाले, "त्या दिवशी कोनाचातरी पंप बंद असन." आणि हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

हाच तो आवाज का? नाही. मी तुम्हाला आणि स्वतःला फसवणार नाही. शेजारी शेजारी ठेवले असते तर लगेच कळलं असतं. पण शेजारी ठेवायला तो अँप नाही, आणि तो का नाही ते वर सांगितलंच आहे.

दुकान गेलं. भंगारवाल्याने बाकीचं सगळं नेलं. अँपची चेसिस मात्र मी ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून पुण्याला आणली, लोखंडासकट. आयरन कोअर तसाच आहे, जळालीय ती फक्त तार. ट्रान्सफॉर्मरचा एक थर उलगडून वेढे मोजायला सुरुवात केलीय. एका बाजूला बारीक तार, दुसऱ्या बाजूला जाड, आणि आठ हजार ओहम ते आठ ओहमसाठी वेढ्यांचं प्रमाण यायला हवं साधारण ३१.६. काल रात्री फोनवर काकांना विचारलं, प्रायमरीचे थर मध्ये कागद घालून किती केले होते? त्यांनी थोडा विचार केला.

"आठवत नाई रे. तू मोज, मंग मले सांग."

मोजतोय.